पापाचा धनी कोण?

भांडण रंगात आले की मराठी माणूस एक वाक्य हमखास टाकतो : "उगाच मला पापाचा धनी करू नका." या बोलण्यात आपला सारा स्वभाव आला आहे. शेताला धनी असतो, गुराढोरांना धनी असतो, तसा पापालाही कुणीतरी धनी असलाच पाहिजे, अशी आपली पक्की समजूत. बेवारशी पाप आपल्याला सोसत नाही. सातबाऱ्यावर कुणाचे तरी नाव एकदा लागले की आपला जीव खाली पडतो.

आता हाच न्याय जरा वरपर्यंत नेऊन पाहा. जग देवाने केले. माणूस देवाने केला. माणसाला बुद्धी आणि वासना, दोन्ही त्यानेच दिल्या. मग त्यातून जे पाप घडते त्याचा धनी कोण? करणारा माणूस, की त्याला घडवणारा देव? या एका प्रश्नावर ख्रिस्ती धर्मपंडित सोळाशे वर्षे भांडत आले आहेत. त्यापायी परिषदा भरल्या, ग्रंथ निषिद्ध ठरले, माणसे धर्माबाहेर घातली गेली. हे सारे रोमकडचे किंवा जिनिव्हाकडचे, आपल्याला त्याचे काय, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु हा वाद आपल्या मराठी माणसांनीही घातला आहे, आणि त्याचे एक प्रकरण तर थेट आपल्या नगरशी जोडलेले आहे.

गोदाकाठचे दोन मित्र

मी पुणतांब्याला गेलो होतो तो चांगदेवांची समाधी पाहायला. दौंड–मनमाड लोहमार्गावरचे हे गाव गोदावरीच्या काठी वसलेले आहे. शिर्डीचा फाटा येथूनच फुटतो. २०१७ च्या जूनमध्ये शेतकऱ्यांच्या संपाची सुरुवात झाली ती याच गावातून, त्यामुळे वर्तमानपत्रांच्या वाचकांना हे नाव आता अनोळखी राहिलेले नाही. चांगदेवांची कथा तर आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली. चौदाशे वर्षे जगलेला योगी, वाघावर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांना भेटायला निघालेला. त्याआधी त्याने पत्र लिहायला घेतले, पण मायना काय घालावा हेच ठरेना, म्हणून कोराच कागद धाडला.

हा मुलूख वारकऱ्यांचा, तसाच ख्रिस्ती मंडळींचाही. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, आणि तिला जाणारे सगळेच काही ख्रिस्ती नसतात. समाधीचे दर्शन घेऊन मी नदीकडे गेलो, तर पायऱ्यांवर दोन वृद्ध गृहस्थ बोलत बसलेले. एक माळकरी बुवा. दुसरे मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले ख्रिस्ती मास्तर. दोघे लहानपणापासूनचे मित्र. पाहुणा माणूस दिसला म्हणून त्यांनी मला बसवून घेतले, आणि मग त्यांचा अर्धवट राहिलेला विषय पुन्हा सुरू झाला.

मास्तरांच्या गल्लीतल्या एका बाईचा सहा वर्षांचा मुलगा श्रावणात साप चावून गेला होता. समाचाराला आलेल्या कुणा नातलगाने तिला सांगितले, "मागल्या जन्मीचं काही देणं असेल बाई, ते फिटलं." दुसऱ्या एकाने सांगितले, "देवाची इच्छा! त्याची वस्तू त्यानं नेली." त्या बाईने दोघांनाही एकच विचारले, "माझ्या लेकरानं काय पाप केलं होतं?"

"आमच्या धर्मात याला उत्तर आहे," बुवा म्हणाले. "ज्याचं कर्म त्याला. देव कुणावर अन्याय करत नाही."

"उत्तर आमच्याकडंही आहे, बुवा," मास्तर म्हणाले. "देवानं माणसाला स्वतंत्र इच्छा दिली. त्यानं ती वाईटाकडं वळवली, त्यातून पाप आलं, पापातून मरण आलं. पण हे मला त्या बाईपुढं म्हणवेना. सापाला कुठली आली स्वतंत्र इच्छा?"

बुवा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मलाही नाही म्हणवलं."

मी तेथून निघालो तो हा प्रश्न घेऊनच. घरी आल्यावर पुस्तके काढली, ग्रंथालयांत खेटे घातले. जे हाती लागले ते सांगतो.

ख्रिस्ती घरातले भांडण

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर हिप्पो नावाच्या गावी ऑगस्टीन हा बिशप होऊन गेला. त्याचा काळ इ. स. ३५४ ते ४३०. तरुणपणी तो मानी नावाच्या पुरुषाच्या पंथात नऊ वर्षे होता. या पंथाचे म्हणणे सोपे होते : जगात दोन शक्ती आहेत, एक उजेडाची आणि एक अंधाराची, वाईट सारे दुसरीचे. देव सुटला! परंतु मग देव सर्वशक्तिमान उरत नाही. ऑगस्टीनने हा पंथ सोडला आणि दुसरी वाट काढली. वाईट ही वस्तूच नव्हे. आंधळेपण म्हणजे जसा दृष्टीचा अभाव, तसा पाप म्हणजे चांगल्याचा अभाव. देवाने माणसाला निवड करण्याचे सामर्थ्य दिले आणि माणसाने पाठ फिरवली. धनी ठरला माणूस.

त्याच्याच काळात ब्रिटनकडून आलेला पेलागियस नावाचा तपस्वी म्हणू लागला, की मग माणूस मनात आणील तर पुण्यवानही होऊ शकेल. आदामाचे पाप त्याच्या लेकरांच्या माथी कशाला? ऑगस्टीनला हे पटले नाही. माणसाची इच्छा आदामापासूनच रोगट झाली आहे, देवाच्या कृपेवाचून ती उठूच शकत नाही, असे त्याचे मत. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण त्याज्य ठरवली. पण या विजयाची किंमत मोठी होती. बाप्तिस्मा होण्यापूर्वीच मेलेल्या तान्ह्या मुलांचे काय? ऑगस्टीनचा तर्क त्याला शेवटपर्यंत घेऊन गेला : तीही दंडास पात्र, मात्र त्यांचा दंड सर्वांत सौम्य. त्या "सौम्य" शब्दापाशी त्या थोर माणसाचा तर्क अडखळलेला मला दिसतो.

पुढे हीच शर्यत पुन्हा धावली गेली. १५२४ मध्ये इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने उलट उत्तर दिले, की माणसाची इच्छा बांधलेली आहे. १६१८–१९ मध्ये हॉलंडातील डॉर्टच्या सभेने निर्णय दिला, की कुणाला तारायचे ते देवाने आधीच निवडले आहे. देवाला जाब विचारणारा तू कोण, मडके कधी कुंभाराला विचारते काय, या संत पौलाच्या दाखल्याचा मोठा आधार या पक्षाला होता. आपल्या गोरोबाकाकांच्या घरी हा दाखला कुणी काढला असता तर काय चर्चा झाली असती, असा चुकार विचार माझ्या मनात येऊन गेला.

डॉर्टच्या सभेचा हा कडक वारसा इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटन मंडळींनी जपला. त्यांच्याच परंपरेतले अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले. असा हा वाद आपल्या दाराशी पोचला.

एका मराठी पंडिताची गोष्ट

येथे त्यांची गाठ पडली ती आपल्या शास्त्री-पंडितांशी. आणि आपली मंडळी वादाला काही कच्ची नव्हती. १८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकरांनी जॉन विल्सन या मिशनऱ्याशी जाहीर वाद केला. १८५७ मध्ये जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी पाद्र्यांना प्रश्न घालीत आणि लोक ऐकायला गर्दी करीत. परंतु देवाच्या न्यायाचा प्रश्न जितक्या धारेने नीलकंठशास्त्री गोरे यांनी विचारला तितका क्वचितच कुणी विचारला असेल.

गोरे चित्पावन घराण्यातले. जन्म १८२५ चा, झाशीजवळचा; वाढले काशीत. न्यायशास्त्र मुखोद्गत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व सांगणारा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून गोरे यांनी विशीत असतानाच, १८४४–४५ मध्ये, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील मुद्दा घरगुती भाषेत सांगायचा तर असा : तुमच्या मते जीव नवा कोरा जन्माला येतो, मागचे काही त्याच्या खाती नसते. मग एक राजाच्या घरी आणि एक भिकाऱ्याच्या झोपडीत का? एक डोळस आणि एक जन्मांध का? पूर्वकर्म मानायचे नाही म्हटले, तर हा भेदभाव देवानेच केला असे होते. आणि चार दिवसांच्या आयुष्यातील पापासाठी न संपणारा नरक, हा कुठला न्याय?

हा आक्षेप आपल्याकडे जुनाच. ब्रह्मसूत्रांत त्याला नावे दिली आहेत : वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा. शंकराचार्य उत्तर देतात, की पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. भात उगवायचे की जव, हे बीजावर अवलंबून. तसे जीवाचे कर्म. आणि पहिले कर्म कुठून आले म्हणाल, तर संसार अनादि आहे.

गंमत अशी, की हाच प्रश्न येशूच्या शिष्यांनीही विचारलेला बायबलात सापडतो. वाटेत एक जन्मांध दिसतो, आणि शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो, आणि वाद न घालता त्या आंधळ्याचे डोळे उघडायला लागतो.

आता गोऱ्यांच्या आयुष्याचा विलक्षण भाग ऐका. मिशनऱ्यांना निरुत्तर करायला निघालेला हा तरुण त्यांचे ग्रंथ वाचीत गेला, आणि १८४८ च्या मार्चमध्ये जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेतला. नीलकंठाचे नेहेम्या झाले. पुढे १८६० मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहिले आणि ज्या कर्मसिद्धांताची तलवार एकदा स्वतः चालवली होती, त्याचीच चिकित्सा केली. पंडिता रमाबाईंच्या मनावर ज्यांच्या लेखनाचा खोल ठसा उमटला ते हेच फादर गोरे.

पक्ष बदलला, म्हणून प्रश्न सुटला काय? मुळीच नाही. लग्नाची बायको लक्ष्मीबाई मुलगी तान्ही असतानाच वारली. १८५३ मध्ये जन्मलेली ती पोर, एलन लक्ष्मी, परक्या इंग्रज कुटुंबात वाढली. पुढे तिने इंग्रजीत भक्तिगीते रचली आणि हिंदुस्थानात परतून सेवेत आयुष्य घालवले. १८५४ मध्ये गोरे महाराजा दुलीपसिंगाबरोबर विलायतेला गेले, तर तेथल्या ख्रिस्ती लोकांचे वागणे पाहून त्यांचा जीव कासावीस झाला. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लरपाशी त्यांनी ते दुःख बोलून दाखवले. शंकांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी देह ठेवला तो श्रद्धेने. पण निर्धास्त माणूस म्हणून त्यांना कुणी ओळखले नाही. विशीत दुसऱ्यावर टाकलेला प्रश्न त्यांनी पुढे पन्नास वर्षे स्वतःच्या पाठीवर वाहिला. वादात जिंकलेली आणि हरलेली माणसे पुष्कळ असतात. दोन्ही बाजूंना राहून प्रश्नाशी प्रामाणिक राहणारा असा एखादाच.

नगरच्या पाद्र्याची अडचण

दुसरी गोष्ट खुद्द नगरची. रॉबर्ट ह्यूम हे १८४७ मध्ये मुंबईतच जन्मलेले अमेरिकन मिशनरी. १८७४ पासून त्यांची कर्मभूमी हिंदुस्थान; १८७८ मध्ये त्यांनी नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक जेथे शिकवीत ती हीच.

गावोगावच्या नव्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नसे, आणि तो डॉर्टच्या पंडितांना सुचला नसता. आमचे आजे-पणजे, ज्यांच्या कानी येशूचे नाव कधी पडलेच नाही, ते कुठे आहेत? ते नरकात असतील तर दोष कुणाचा? त्यांना खबर न देणाऱ्या देवाचा की त्यांचा? पितरांना घास टाकल्याशिवाय जेवणाऱ्या आपल्या समाजात हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हता. आपल्या माणसांना सोडून एकट्याने तरायचे कसे, असा तो होता.

त्या वेळी अमेरिकेत अँडोव्हर येथील काही प्राध्यापक म्हणत होते, की अशा लोकांना मृत्यूनंतर देव एक संधी देत असेल असे मानायला जागा आहे. १८८६ मध्ये रजेवर मायदेशी गेलेले ह्यूम त्यांच्या बाजूने बोलले. झाले! वादळ उठले. ज्या मंडळाने त्यांना हिंदुस्थानात पाठवले होते त्यानेच त्यांना परत पाठवायला खळखळ केली. अँडोव्हरच्या प्राध्यापकांवर तर पाखंडाचा खटलाच भरला. बरीच ओढाताण झाल्यावर ह्यूम यांना परत येता आले. मराठी मुलखातल्या मेलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी देवाच्या दयेत थोडी जागा मागितली, म्हणून एका पाद्र्याची नोकरी पणाला लागली होती, ही गोष्ट आज नगरमध्ये किती जणांना ठाऊक असेल?

नंतर आला १८९९–१९०० चा दुष्काळ. दुष्काळाला कुणाची स्वतंत्र इच्छा कारण? ज्यांना खायला मिळाले नाही त्यांनी कुठले फळ तोडून खाल्ले होते? त्या वर्षी ह्यूम अन्नाच्या, कामाच्या आणि अनाथ पोरांच्या सोयीत बुडून गेले होते. सरकारने १९०१ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले ते या कामासाठी.

हिशेब आणि हात

१७५५ च्या १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने कोसळले तेव्हा लोक चर्चमध्ये प्रार्थनेला बसले होते. देवाने केलेले हे जग शक्य तितके उत्तम आहे, असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञांची व्हॉल्टेअरने मग यथेच्छ टर उडवली. आपले लिस्बन म्हणजे किल्लारी. १९९३ च्या सप्टेंबरात गणपती बोळवून लोक झोपले, आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास घरेच त्यांच्या अंगावर आली. तेथे कुणाच्या कर्माचा हिशेब मांडायचा, आणि कुणाच्या इच्छेचा?

माझ्या अल्प बुद्धीला इतकेच उमगले, की कर्माचा सिद्धांत काय किंवा इच्छास्वातंत्र्याचा काय, दोन्ही चांगले आहेत ते पाप करणाऱ्यासाठी. हात उगारण्यापूर्वी माणसाने स्वतःला बजावावे, की याचे फळ मलाच भोगायचे आहे. किंवा हे न करण्याचे स्वातंत्र्य मला आहे. चोराने "देवानेच बुद्धी दिली" म्हटले तर त्याला दोन्ही धर्म गप्प करतात, आणि योग्यच करतात. घोटाळा होतो तो हे औषध दुसऱ्याच रोग्याला पाजले म्हणजे. जे तत्त्व स्वतःला लावायचे, ते आपण सोसणाऱ्याला लावतो. मग कर्म हा टोमणा होतो आणि देवाची इच्छा ही धमकी होते. बायबलातल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केले. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट बसले होते तोवर ठीक होते. तोंड उघडून त्याचे पाप शोधू लागले, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर.

पुणतांब्यापासून फार दूर नसलेल्या नेवाशाला, १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी आपला ग्रंथ पुरा करताना देवाकडे जे मागितले ते या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. दुष्टांना कुणी घडवले याचा जाब त्यांनी विचारला नाही, दुष्टांचा नाशही मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, एवढेच मागितले. ज्याला समाजाने संन्याशाचे पोर म्हणून छळले, ज्याचे आईबाप प्रायश्चित्तापायी गेले, त्याला जाब विचारण्याचा हक्क इतरांपेक्षा अधिक होता.

प्रश्न सुटला नाही, आणि माझ्यासारख्याच्या लेखाने तो सुटणारही नाही. परंतु आपल्या मराठी घरांत एक रीत आहे. ज्या घरात वर्षभरात कुणी गेले असेल त्या घरी पहिल्या दिवाळीला चकली-करंजी तळली जात नाही, आणि शेजारपाजारची माणसे त्यांच्याकडे फराळाचे ताट घेऊन जातात. ताट नेणारी बाई दारात उभी राहून कुणाचे संचित विचारीत नाही, देवाच्या योजनेवर प्रवचन देत नाही. ती ताट ठेवते, पाच मिनिटे बसते, पोरांच्या हातावर लाडू देते. यंदा आपल्या गल्लीत, आपल्या चाळीत, असे एखादे घर असेलच. ते कुठल्या धर्माचे आहे ते न पाहता, आपले ताट आधी तिकडे जाऊ द्या.